कारणाचा रकाना

सिदोअर्जो, ९ ऑगस्ट

न्दुक,

तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस, म्हणून शेवटी कागद-पेन घेतलं. तुझा पत्ता माझ्याकडे नाही. यात्मी माझ्या पाठची बहीण, पण तीही सांगत नाही. “पत्र माझ्याकडे मलांगला पाठव, मी पालुपीला पोचवते. वाचायचं की चुलीत घालायचं ते ती बघेल,” म्हणते. सगळ्यांची तू पालुपी, माझी न्दुक, माझी लेक. तुझी ही बुलिक मावशी लहानपणापासून अशीच फटकळ.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण त्याचं कौतुक किती करायचं. गल्लीत सतरा ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाची तयारी चालली आहे आणि दोरीला टांगलेले पापड हात न लावता खाण्याच्या शर्यतीचं काम यंदाही माझ्याच गळ्यात पडलं. बत्तीस वर्षं पापडांच्या कारखान्यात काढली, आता कामावरून घरी आल्यावरही पुन्हा पापडांनाच दोऱ्या बांधायच्या. मी म्हटलं, आमच्या कारखान्याचे कोळंबीचे पापड आणते, तर सगळ्या बायका ओरडल्या, “नको बु, ते इतके चांगले असतात की पोरं जिंकायचं विसरून चवीनं खात बसतील!”

कंपनीत सगळं ठीक आहे. तुझ्या तपासणीच्या खोलीत आता एक नवी मुलगी आली आहे. पापडाचा ओलावा मोजायला तिला तुझ्या दुप्पट वेळ लागतो. पाक गुनादी तुझी आठवण काढतात. मालक असून त्यांनी तुझे बाबा गेले तेव्हा खांदा दिला होता, हे तू विसरली नसशील.

तू कामगार खात्यात तक्रार दिलीस असं ऐकलं. ऐकलं कसलं, नोटीस माझ्याच टेबलावर आली. मीच तिला आवक क्रमांक घातला आणि शिक्का मारला. तुझं नाव वाचलं तेव्हा शिक्का जरा वाकडा पडला.

न्दुक, हे बसून बोलून मिटलं नसतं का? तुझं शाळेचं मूळ प्रमाणपत्र कंपनीच्या कपाटात सुखरूप आहे. किल्ली माझ्याकडेच असते, तुला माहीत आहे. पाच वर्षं नोकरी करेपर्यंत प्रमाणपत्र कंपनीकडे ठेवायचं हा नियम काही तुझ्यासाठी नव्याने केलेला नाही. तू एक वर्ष आधी सोडलंस. आणि ग्रेसिकच्या नव्या कंपनीला तुझी खासगी गोष्ट कशी कळली, त्याचं आता काय करायचं? त्यांनी तुला घेतलं नाही, त्यांचंच नुकसान झालं. कोण कधी काय बोललं ते शोधत बसलं तर नोकऱ्या कोण करणार?

तक्रार मागे घे, घरी ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे.

तुझी इबू


सिदोअर्जो, १८ ऑगस्ट

न्दुक,

यात्मीचा फोन आला. तिने तुझ्या पत्राचं पाकीट उघडंच का पाठवलंस म्हणून मला झापलं आणि मग उघडंच आहे म्हणून वाचून पुन्हा झापलं. “म्बाक ताई, तू तिची आई आहेस की कंपनीचा आवक-जावक विभाग?” म्हणाली. मी फोन ठेवून दिला. मग पाच मिनिटांनी मीच लावला.

तेव्हा तिने तुझा निरोप सांगितला. एकच वाक्य. “तिला विचार, ते अक्षर कुणाचं आहे.”

अक्षराचं नंतर लिहिते. आधी दुसरं एक सांगते.

मेमधली गोष्ट. तुझा कारखान्याचा गणवेश धुवायला टाकला होतास. खिसे तपासायची सवय मला तुझ्या बाबांमुळे लागली, त्यांच्या खिशात नेहमी खिळे असायचे. त्या दिवशी गणवेश भिजत घातल्यावर आठवण झाली, आणि तुझ्या खिशात एक कार्ड निघालं. दवाखान्यातल्या नंबराचं. कुठला दवाखाना ते मी इथे लिहीत नाही. त्याचं नाव निघालं की आपल्या गल्लीतले लोक आवाज खाली करतात, एवढं पुरे. तारखा होत्या, सहा वेळा गेली होतीस. सहा वेळा सुराबायाला जाऊन आलीस आणि मला म्हणालीस मैत्रिणीकडे जाते.

मी कार्ड वाळवून, इस्त्रीखाली सरळ करून पुन्हा तुझ्या खिशात ठेवलं. तुला वाटलं असेल ते धुण्यातून वाचलं. मी तुला काही विचारलं नाही. आता वाटतं, विचारलं असतं तर बरं झालं असतं. नाहीतर निदान वाचलेलं पोटात तरी ठेवायचं. मी दोन्ही केलं नाही.

शर्यत झाली. शेजारची सात वर्षांची मुलगी जिंकली, समोरचे दोन दात नसताना. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मी बऱ्याच दिवसांनी हसले आणि लगेच वाईट वाटलं.

आता पाकीट चिकटवून देते.

इबू


सिदोअर्जो, २६ ऑगस्ट

न्दुक,

अक्षर माझं आहे.

हे एक वाक्य लिहून मी पेन ठेवलं, भात टाकला, खाल्ला, भांडी घासली. आता पुढचं लिहिते.

तुझा राजीनामा तू तीस दिवस आधी, लेखी, नीट दिलास. त्याबरोबर आमच्या कर्मचारी विभागाचा छापील अर्जही भरलास. त्यात सात रकाने. सहा भरलेस आणि सातवा, ‘सोडण्याचे कारण’, त्यात नुसती आडवी रेघ. मला राग आला, खरं सांगते. बत्तीस वर्षं मी नव्या मुलींना शिकवत आले की रिकामा रकाना म्हणजे अपुरा कागद आणि अपुरा कागद फाइलला लागत नाही. आणि माझ्याच पोटची पोर माझ्याच टेबलावर रेघ मारून जाते!

त्याच दुपारी पाक गुनादी आले. माझ्या समोरची खुर्ची ओढून बसले. “बु सुदार्मी, पालुपी का सोडतेय? आमचं काही चुकलं का? माझी बायको तर रुसून बसलीये. चार वर्षं आमच्या घरची असल्यासारखी वावरली, आणि निरोप घ्यायला आली तर ‘येते’ एवढंच म्हणाली. कारण नाही, काही नाही.”

आपल्याकडे निरोप कसा घेतात ते तुला ठाऊक आहे. चार घरी जायचं, चुकलंमाकलं माफ करा म्हणायचं, का जातो कुठे जातो ते सांगायचं. न सांगता गेलं की माणूस मनात काहीतरी धरून गेला असं होतं. लोक तुला उद्धट म्हणतील, घमेंडखोर म्हणतील, हे मला सहन होईना. मला वाटलं, आजारी आहे म्हटलं तर निदान कीव करतील. तुझ्यासाठी मला लोकांची कीव चालली, हेच बघ.

वाटेत रोज दहा माणसं “कुठं निघालात?” विचारतात. आपण “तिकडं” म्हणतो, आणि त्यांचंही भागतं. कोण मेलंय खोदून विचारायला! त्या दिवशी मालकाला “तिकडं” म्हणायला मला कुणी अडवलं होतं? पण मी बोलले. दवाखान्याचं नावही बोलले. ते च्च् च्च् करत उठून गेले, आणि मी तुझी रेघ खोडून, तिच्यावर, माझ्या सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलं. कागद पुरा झाला. फाइलला लावला. घरी आले तेव्हा तू माझ्यासाठी गूळ घालून आलं उकळत ठेवलं होतंस.

यापुढचं यात्मीलाही ठाऊक नाही. ग्रेसिकहून तुझ्या चौकशीचा फोन आला, तेव्हा पाक गुनादींनी फाइल मागितली. मीच काढून दिली. त्यांनी माझ्या टेबलाशी उभं राहून तो रकाना मोठ्याने वाचून दाखवला. वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही, हवामान सांगावं तसं सांगितलं. “मुलगी हुशार आहे, पण जरा सांभाळून घ्या,” असंही म्हणाले. मी समोर बसून कागदांना टाचण्या लावत होते.

आणि जूनमध्ये तू दारात उभी राहून विचारलंस, “इबू, तू सांगितलंस?” तर मी म्हणाले, “मला काय माहीत?”

तुझ्या पिशव्या मी जिन्यापर्यंत उचलून दिल्या, तेही आठवतं.

आता मूळ मुद्दा. कंपनीने तुझ्या तक्रारीला उत्तर दिलं आहे की कारण कर्मचाऱ्याने स्वतःच अर्जात लिहून दिलं, तेव्हा गुप्त असं काही नव्हतंच. सोबत जोडलेली त्या अर्जाची प्रत तू पाहिलीस आणि अक्षर ओळखलंस. आठ सप्टेंबरला सुनावणी आहे आणि कंपनीने साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं आहे.

पाक गुनादी काल फार गोड बोलले. “बु, तुम्हाला खोटं बोलायला कुणी सांगत नाही. पालुपीने सांगितलं आणि तुम्ही लिहिलं, एवढंच म्हणा. आईने लेकीला मदत केली, त्यात काय? तुमचे आठ महिने राहिलेत. सन्मानाने निवृत्त व्हा.”

मी “बघते” म्हणाले. तुला वाटेल मी लगेच नाही म्हटलं असेल. तसं काही म्हटलं नाही. “बघते” म्हणाले.

इबू


सिदोअर्जो, २९ ऑगस्ट

न्दुक,

छोटंच लिहिते.

यात्मीने फोनवर अक्कल दिली. “अगं, कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला आहे? काढ ते प्रमाणपत्र, घाल पिशवीत, चालू लाग. सुनावणी हवीच कशाला?”

आज जेवणाच्या सुट्टीत कपाट उघडलं. तुझं प्रमाणपत्र काढलं. तुझा तो फोटो, केस चापून बसवलेले, आणि फोटोच्या कडेवर डाव्या हाताच्या तीन बोटांचे ठसे. ते ठसे दिलेस त्या दिवशी शाई निघेना म्हणून तीन दिवस डावा हात खिशात घालून हिंडत होतीस. मी लिंबू चोळलं, राख चोळली. त्या ठशांवर माझी बोटं ठेवून पाहिली. माझी मोठी आहेत.

पिशवीत घातलं. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले.

मग वाटलं, पुन्हा तेच करते आहे. तुझी वस्तू, तुला न विचारता, माझ्या पिशवीत. वरून तुझ्या तक्रारीत आता तुझी आई चोर ठरणार आणि कंपनी म्हणणार, प्रमाणपत्र मिळालं, प्रश्न मिटला. तो रकाना तसाच राहील. आणि कपाटात आणखी एकशे छत्तीस जणांची प्रमाणपत्रं आहेत. त्यांची आई काही कपाटाशी बसलेली नाही.

परत ठेवलं. कुलूप लावलं. यात्मीला सांगू नकोस, ती मला वेडी म्हणेल. तिच्याच हातून हे पत्र जाणार आहे खरं, पण आता मी पाकिटं चिकटवते.

सुनावणीत काय बोलायचं ते ठरलं आहे. भीती वाटते, पण ठरलं आहे.

इबू


सिदोअर्जो, ८ सप्टेंबर

न्दुक,

आत्ताच आले. चप्पल काढली आणि लिहायला बसले.

कामगार खात्याची खोली लहान आहे. मध्ये लांब टेबल, एका बाजूला पाक गुनादी आणि मी, समोर तुझ्या बाजूने आलेली वकीलबाई. तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तू येणार नाहीस हे तिने आधीच सांगितलं. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. टोकाला मध्यस्थ बसले होते, पाक लुकमान म्हणून. मिशीवाले, करारी वाटणारे, पण सारखा चहा सांडणारे.

आधी हजेरीच्या वहीत सही. नाव, कुणाकडून, तक्रारदाराशी नातं. मी नात्याच्या जागी ‘साक्षीदार’ लिहिलं. पाक लुकमान वाचून म्हणाले, “बु, हे नातं नाही. तुम्ही आई ना त्यांच्या?”

मी म्हटलं, “आहे पाक. पण आई म्हणून मी आधीच फार बोलले आहे. आज साक्षीदारच राहू द्या.”

त्यांनी तो अर्ज माझ्यापुढे ठेवला. “हा सातवा रकाना कुणी भरला?”

“मी.”

“पालुपींच्या सांगण्यावरून?”

पाक गुनादी माझ्याकडे बघत नव्हते. पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. या माणसाने माझ्या नवऱ्याला खांदा दिला.

“नाही,” मी म्हटलं. “तिने तिथे रेघ मारली होती. उजेडात धरलंत तर दिसेल. तिने मलाही काही सांगितलं नव्हतं. तिच्या खिशातलं कार्ड मी तिला न विचारता वाचलं, मालकांना तिला न विचारता सांगितलं, आणि कागदावर तिला न विचारता लिहिलं. नव्या कंपनीचा फोन आला तेव्हा ते वाचून दाखवलं गेलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं.”

पाक लुकमाननी कागद खरोखरच खिडकीकडे धरला. रेघ दिसली. तू पेन इतकं दाबून ती मारली होतीस की मागच्या बाजूलाही उमटली होती.

“आजार काय आहे?” त्यांनी विचारलं. बहुतेक सवयीनेच.

“ते सांगायचं काम माझं नाही, पाक.”

वकीलबाईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पाक लुकमान थोडे ओशाळले. “बरोबर आहे. माझंही नाही विचारायचं,” म्हणाले आणि पुन्हा चहा सांडला.

मग ते पाक गुनादींकडे वळले. राजीनामा तीस दिवस आधी लेखी द्यायचा, तो दिलेला आहे. कारण सांगितलंच पाहिजे असं कुठल्या कायद्यात आहे ते दाखवा. आजारपणाची माहिती ज्याची त्याची, त्याच्या संमतीशिवाय ती तुम्ही तिसऱ्याला देता कशी? आणि कुणाचं मूळ प्रमाणपत्र अडकवून ठेवायला आपल्या प्रांतात बंदी आहे, हे तुम्हाला इतकी वर्षं कुणीच सांगितलं नाही? कपाटात अजून किती आहेत, असंही विचारलं. त्यांना आकडा आठवेना. मी सांगितला.

पाक गुनादींनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, “मला वाटायचं आम्ही घरासारखं चालवतो.” ते खोटं बोलत नव्हते, न्दुक. त्यांना खरंच तसं वाटायचं. मलाही वाटायचं.

त्यांनी कागदावर सही केली. प्रमाणपत्र परत. अनुभवाचा नवा दाखला, त्यात फक्त तुझं काम आणि तारखा. तो अर्ज फाइलमधून काढून सगळ्यांसमोर फाडायचा. आणि ग्रेसिकला लेखी कळवायचं की आम्ही दिलेली माहिती द्यायला नको होती. ते तुला आता घेतील की नाही, कोण जाणे. वकीलबाई म्हणाली, तुला आता तिथे जायचंही नाही. बरं झालं, असं मी मनात म्हटलं, मोठ्याने नाही.

बाहेर पायऱ्यांवर पाक गुनादी म्हणाले, “बु सुदार्मी, उद्यापासून घरी विश्रांती घ्या.” मी म्हटलं, “लेखी द्या, पाक. कारणासकट.” त्यांच्या चेहऱ्यावर रागही होता आणि हसूही फुटलं होतं. मला वाटतं ते मला काढतील. वकीलबाईने मला तिचं कार्ड दिलं आहे, ते मी कुणाच्या खिशात न ठेवता माझ्याच पाकिटात ठेवलं.

पण मला सांगायचं आहे ते याच्या आधीचं.

सह्या झाल्यावर पाक लुकमाननी तुझं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि माझ्यापुढे सरकवलं. “बु, तुम्हीच न्या की. लेकीला देऊन टाका. आई असताना तिला कशाला हेलपाटा?” पोचपावतीही पुढे केली, माझं नाव घालून. किती सहज! मालक मान डोलावत होते, कारकून मान डोलावत होता. पूर्वीची मी असते तर सहीसुद्धा करून मोकळी झाले असते.

मी हात टेबलाखाली घेतले. “माझं नाही ते,” म्हटलं. “जिचे ठसे त्यावर आहेत, तिच्या हातात द्या. सही तिची घ्या.”

ते आता खात्यात कुलपात आहे. येत्या गुरुवारी सकाळी दहाला तू जाऊन घ्यायचं, ओळखपत्र ने. मी गुरुवारी सिदोअर्जोत नाही. पहाटेच्या बसने यात्मीकडे जाते आणि शुक्रवारी येते. बसथांब्यावर नसेन, खात्याच्या समोरच्या शिंपल्यांच्या कुपांगवाल्याकडे नसेन, योगायोगाने कुठेही भेटणार नाही. तू निर्धास्त ये.

आणि एक. फाइल उघडी होती तेव्हा तुझ्या तक्रारीचं पहिलं पान माझ्यासमोरच आलं. त्यावर तुझा पत्ता होता. तीन महिने मी ज्याच्यासाठी यात्मीचे पाय धरत होते, तो हातभर अंतरावर, छापील, ठळक. मला गावाचं नाव दिसलं. ते दिसून गेलं, न्दुक, डोळ्यांना काय कळतं. मग मी पान पालथं घातलं. गल्ली वाचली नाही, घराचा क्रमांक वाचला नाही.

मी येणार नाही. तू बोलावशील तेव्हा तू सांगितलेल्या पत्त्यावर येईन. तू नाही बोलावलंस तर यात्मीकडे पत्रं देत राहीन. तू बरी आहेस ना, एवढंही विचारणार नाही म्हटलं होतं, पण ते राहवत नाही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

गावाचं नाव मी कुणालाही सांगणार नाही. यात्मीला ते माहीतच आहे, तरी तिलाही नाही.

तुझी इबू